भाची दिसली की चालणारा प्रोग्राम

कारखान्यात त्यांना सगळे मामी म्हणत. खरं तर त्या एकाच मुलीच्या मामी होत्या. पण ती मुलगी लहानपणी शाळा सुटली की कारखान्यात येऊन बसायची, आणि "मामी, भूक लागली", "मामी, पेन्सिल तुटली" असा तिचा धोशा चालायचा. ऐकून ऐकून चामडं कापणारे, शिवणारे, टाचा ठोकणारे सगळेच मामी म्हणू लागले. कारखान्याच्या मालकीण म्हणजे त्या मुलीची आई, मामींच्या थोरल्या नणंद. त्या सगळ्यांच्या ताई. त्यासुद्धा आपल्या भावजयीला मामीच म्हणत, आणि रागावल्या की "अहो मामी" म्हणत.

कारखाना बुटांचा होता, पण दुकानात खोक्यातून मिळतात तसल्या बुटांचा नव्हे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कुणाची टाच अपघातात गेलेली, अशी माणसं तिथे येत. आधी पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, मग त्यावरून तंतोतंत लाकडी पाय कोरायचा. त्या लाकडी पायाला कलबूत म्हणतात. त्याच्यावर चामडं ओढून बूट शिवला की तो त्या माणसालाच होतो, जगात दुसऱ्या कुणाला नाही. दोनेक वर्षांनी बूट झिजला की तेच कलबूत काढून नवा जोड करायचा. म्हणून कारखान्याच्या मागच्या लांबट खोलीत छताला भिडलेल्या फळ्या होत्या आणि फळ्यांवर नुसते पायच पाय. नवा माणूस आत गेला की दारातच थबकायचा.

पूर्वी प्रत्येक कलबुतावर खडूनं गिऱ्हाइकाचं नाव लिहिलेलं असायचं. मग एकदा एक बाई चुकून मागच्या खोलीत शिरल्या, त्यांनी एका वेड्यावाकड्या कलबुतावर आपल्या शेजारणीचं नाव वाचलं आणि गल्लीभर केलं. ती शेजारीण पुन्हा कारखान्याची पायरी चढली नाही. मामींना ते फार लागलं. त्या वेळी त्यांचा मुलगा शाळेत जायला लागला होता आणि सकाळ मोकळी मिळत होती, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरचा एक वर्ग लावला होता. त्या ताईंना म्हणाल्या, "कलबुतावर नुसता नंबर घालू. कोणाचा नंबर कुठला, ते कॉम्प्युटरला माहीत असेल. बाकी कुणाला कळायचं कारण नाही."

"आणि तुझ्या कॉम्प्युटरनं तोंड उघडलं नाही तर?" ताईंनी विचारलं होतं.

"उघडेल हो, ताई."

त्यांनी प्रोग्राम लिहिला, नाव ठेवलं 'पाऊल'. गिऱ्हाइकाचं नाव टाकलं की डावा पाय, उजवा पाय, कुठे टोचतं, टाचेखाली बुचाचे थर किती, आणि कलबूत कुठल्या फळीवर, सगळं समोर. सुरुवातीला कारागीर हसले. वर्षभरात 'पाऊल' विचारल्याशिवाय कुणी फळीला हात लावेनासं झालं. मामींचे यजमान शाळेची बस चालवत. पुढे मुलगा मोठा होऊन परगावी गेला, तेव्हापासून ते कुणी भेटलं की सांगत, "आम्हाला दोन अपत्यं. एक परगावी शिकतंय, दुसरं कारखान्यात काम करतंय."

एवढी वर्षं हे दुसरं अपत्य गुणानं वागलं. मग जुना कॉम्प्युटर चामड्याची धूळ खाऊन खाऊन एकदाचा बंद पडला आणि नवा आला. पहिले काही दिवस जुने फोटो, जुनी पत्रं नव्यात उतरवणं चाललं होतं, तोवर सगळं सुरळीत. आणि एका सकाळी मामींनी एका गिऱ्हाइकाचं नाव टाकलं, तर पडद्यावर मधोमध राखाडी चौकट आली: मेमरी अपुरी आहे. चौकटीखाली एकच बटण. ते दाबलं की 'पाऊल' बंद.

पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. दुपारी मात्र आपोआप चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच नखरे. मामींनी मशीनवरचं इतर सगळं बंद करून पाहिलं. गाणी बंद, फोटो बंद, पत्रव्यवहार बंद, म्हटलं बिचाऱ्याला जागा करून द्यावी. तर तो जास्तच अडून बसला.

ताईंनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. माणूस भला होता, वेळेवर यायचा आणि खोटं बोलायचा नाही. त्यानं चौकट वाचली आणि म्हणाला, "मेमरी कमी पडते म्हणतोय ना? मग वाढवू. त्यात काय!" त्यानं मशीन उघडून आत मेमरीची नवी पट्टी बसवली, झाकण लावलं, हात झटकले. मामींनी नाव टाकलं. चौकट. त्यानं आणखी एक पट्टी बसवली. आता तर दुपारीसुद्धा चालेना.

"मशीन एकदम ठणठणीत आहे, मामी," तो खाली मान घालून म्हणाला. "राग मानू नका, पण प्रोग्रामच म्हातारा झालाय."

मामींना ते कुणीतरी कानफटात मारल्यासारखं लागलं. राग आला नाही, कारण मनातून त्यांनाही तेच वाटत होतं. आपण काही शिकलेसवरलेले इंजिनिअर नव्हे. वर्गात जेवढं शिकवलं त्यावर रेटून नेलं. कुठेतरी काहीतरी कच्चं राहिलं असणार, आणि ते आता इतक्या वर्षांनी वर आलं असणार. त्यांनी 'पाऊल'ची सगळी पानं छापून घरी नेली आणि जेवणाच्या टेबलावर पसरून ओळ न् ओळ वाचायला घेतली. एका जागी तरुणपणी स्वतःसाठीच लिहून ठेवलेली सूचना सापडली: इथे हात लावू नकोस, पोळशील. का पोळेल, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"काय म्हणतंय लेकरू?" यजमानांनी विचारलं.

"काही बोलत नाही. नुसतं उपाशी आहे म्हणतंय."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कंडक्टर बाई आल्या. बसमध्ये दिवसभर उभं राहून तिकिटं देण्याची त्यांची नोकरी. लहानपणीच्या आजारानं उजवा पाय आखूड राहिलेला, त्यामुळे उजव्या बुटाला जाड तळवा लागायचा. तो तळवा मधोमध तडकला होता आणि त्या कामावरून लंगडत थेट इकडेच आल्या होत्या. बाई मोठ्या बोलक्या. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी सगळ्यांची विचारपूस केली, आणि मग म्हणाल्या, "मापं आहेतच तुमच्याकडे. कधी मिळेल जोड?"

मामींनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी छताकडे पाहिलं.

"चहा घ्या आधी," असं म्हणून ताई उठल्या आणि मागच्या खोलीत गेल्या. मामीही पाठोपाठ गेल्या. "यांचा पाय मी स्वतः कोरलाय," ताई दबक्या आवाजात म्हणाल्या. "डोळे मिटून ओळखेन." फळ्यांवर हात फिरवत फिरवत त्यांनी एक कलबूत उचललं, अंगठ्यानं त्याचा चवडा चाचपला आणि खुशीत म्हणाल्या, "हे बघ!" ते बाहेर नेऊन बाईंच्या पायाशेजारी ठेवलं, तर ते दीडपट लांब. कुणातरी धिप्पाड पुरुषाचा पाय होता तो.

"मी एवढी वाढले असते तर बरंच झालं असतं," कंडक्टर बाई म्हणाल्या आणि मोठ्यानं हसल्या. ताई मात्र हसल्या नाहीत. आत येऊन त्या म्हणाल्या, "अहो मामी, खडूनं नावं होती तेच बरं होतं."

मामींना कुठे तोंड लपवू असं झालं. सगळं नव्यानं करायचं म्हणजे प्लास्टर आलं, कोरणं आलं, आठवडेच्या आठवडे गेले. तोवर ही बाई काय घालून बसमध्ये उभी राहणार? आणि उद्या दुसरा येईल, परवा तिसरा. त्यांनी बाईंना तात्पुरती चप्पल दिली, उजव्या चपलेखाली बुचाचा तुकडा बांधून दिला, आणि दोन दिवसांनी या म्हणून सांगितलं. मग पदराला हात पुसले आणि भाचीला फोन लावला.

भाची आता दूरच्या शहरात सॉफ्टवेअर कंपनीत होती. घरात तिला बारकी म्हणत, आणि ती दारातून वाकून आत येण्याइतकी उंच झाली तरी नाव बदललं नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मामी, घाबरू नकोस. माहिती कुठे जात नाही. ती मी दुसऱ्या वाटेनं काढू शकते, पण निस्तरायला वेळ लागेल. आधी बघू घोडं कुठे अडलंय. मला तुझा पडदा दाखव."

मामींनी तिनं सांगितल्याप्रमाणे व्हिडिओ लावला. एका कोपऱ्यात भाचीचा चेहरा आला आणि मामींचा पडदा तिला तिकडे दिसू लागला. "आता चालू कर," भाची म्हणाली.

मामींनी कंडक्टर बाईंचं नाव टाकलं. आणि 'पाऊल' शहाण्या मुलासारखं उघडलं. नाव, माप, बुचाचे थर, फळी, सगळं.

"चालतंय की!" भाची म्हणाली.

मामी पडद्याकडे बघतच राहिल्या. ताई मागून ओरडल्या, "आधी फळी बघ, फळी!" फळीचा नंबर एका कपट्यावर उतरवून घेतला, कलबूत काढलं, ते बरोबर निघालं. कंडक्टर बाईंचं काम झालं आणि ताईंचा जीव भांड्यात पडला. भाचीनं फोन ठेवला. मामींनी पुढच्या गिऱ्हाइकाचं नाव टाकलं आणि चौकट आली: मेमरी अपुरी आहे.

पुन्हा भाचीला बोलावलं. ती दिसली, प्रोग्राम चालला. ती गेली, बंद पडला. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा भाचीच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू आलं, आणि ते हसू मामींना ओळखीचं होतं. आजाऱ्याचं ऐकून घेताना डॉक्टर हसतात तसलं. "मामी, तू दमली आहेस का गं?"

"मी दमले नाही आणि मला भासही होत नाहीत," मामी ठसक्यात म्हणाल्या.

"तुझ्या प्रोग्रामला माझी पोरगी आवडते," ताई म्हणाल्या. "तिचा एक फोटो चिकटव मशीनवर, म्हणजे झालं." कारागीर हसले. मामीही हसल्या, पण हसता हसता थांबल्या. कारण ताई चेष्टेत बोलल्या होत्या तरी घडत होतं ते नेमकं तेच होतं. भाची दिसली की चालतो. मग भाची दिसते तेव्हा वेगळं काय होतं?

त्यांनी भाचीला साधा फोन लावला, नुसता कानाला, व्हिडिओ नाही. "काहीही बोल, नुसती बोलत राहा." नाव टाकलं. चौकट. म्हणजे भाचीचा आवाज नव्हे. मग व्हिडिओ लावला आणि भाचीला सांगितलं, "तू तिथून उठून जा. खुर्ची दिसू दे नुसती." रिकाम्या खुर्चीसमोर 'पाऊल' मुकाट्यानं उघडलं. म्हणजे भाचीसुद्धा नव्हे. व्हिडिओ.

व्हिडिओ काय करतो? जागा खातो. कॉम्प्युटरवाल्यानं एकदा दाखवलं होतं, कुठला प्रोग्राम किती मेमरी गिळतोय ते एका खिडकीत दिसतं. मामींनी ती खिडकी उघडली. व्हिडिओ चालू असला की मोकळी मेमरी बरीच खाली यायची, बंद केला की भसकन वर. त्यांनी व्हिडिओ बंद केला आणि त्याऐवजी प्लास्टरच्या साच्यांचे मोठे मोठे फोटो एकामागून एक उघडत सुटल्या. मशीन जड झालं, माउस रेंगाळायला लागला. मग नाव टाकलं.

उघडलं.

फोटो बंद केले. चौकट. फोटो उघडले, चाललं. सकाळी मशीन ताजं असतं तेव्हाच का अडतं, दुपारी सगळ्यांचं सगळं उघडं असताना का चालायचं, आपण जागा करून द्यायला गेलो की का रुसायचं, मेमरी वाढवल्यावर का बिघडलं, सगळ्याचा उलगडा एका फटक्यात झाला. त्यांनी भाचीला परत बोलावलं, तेव्हा त्यांचा आवाज चिरकत होता.

"बारके, याला मेमरी कमी पडत नाही गं. याला ती जास्त होतेय!"

"थांब थांब थांब" म्हणत भाचीनं दुसरीकडे काहीतरी शोधायला घेतलं. बऱ्याच वेळानं तिचा चेहरा पडद्यावर परत आला. आता ते समजूतदार हसू नव्हतं, लहानपणी पेन्सिल तुटली की व्हायचे तसे डोळे मोठे झाले होते.

"मामी, मामाच्या जुन्या बसमध्ये किलोमीटरचा काटा होता ना? सगळे नऊ झाले की पुढे काय व्हायचं?"

"सगळी शून्यं."

"तेच झालंय. तुझा प्रोग्राम ज्या भाषेत आहे ती आली तेव्हा एवढी मेमरी कुणी स्वप्नातही पाहिली नव्हती. ती मोकळी मेमरी मोजायला जाते, आकडे संपतात, आणि तिला वाटतं हाती काहीच नाही. तू लिहिलेल्यात काही चूक नाही. त्या भाषेतच ही खोट आहे. जगभर लोकांनी यावर डोकं फोडून घेतलंय, मी आत्ता वाचलं."

"म्हणजे," मामी सावकाश म्हणाल्या, "वाढलेलं ताट एवढं मोठं, की याला ताटच दिसत नाही?"

"अगदी!"

"आणि माझी चूक नाही?"

"मामी, तुझी नाही. खरंच नाही."

मामी खुर्चीत मागे टेकल्या. इतके दिवस खांदे कानाला लागले होते ते खाली आले. त्यांना एकदम तहान लागली. ताईंनी स्वतः उठून पाणी आणून दिलं आणि पाठीवर हात ठेवला. ताईंच्या भाषेत ती माफी होती, आणि मामींना ती भाषा येत होती.

उपाय साधा निघाला. प्रोग्रामशेजारी एक छोटी फाइल असते, तो सुरू होताना ती वाचतो. तिच्यात एक ओळ घालायची: एवढीच मेमरी घे, बाकीच्याकडे बघू नकोस. भाचीनं ओळ सांगितली, मामींनी घातली, व्हिडिओ बंद केला, फोटो बंद केले, नाव टाकलं. चौकट आली. सगळ्यांची तोंडं उतरली. मामींनी चष्मा पुसला आणि ओळ पुन्हा वाचली. स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम पडला होता. तो बदलला.

'पाऊल' उघडलं. मामींनी दुसरं नाव टाकलं, तिसरं टाकलं. मशीन बंद करून परत चालू केलं, अगदी ताजं, सकाळसारखं. उघडलं. मागून शिवणयंत्रावरचा कारागीर म्हणाला, "मामी, पुरे आता, दृष्ट लागेल." कॉम्प्युटरवाल्याला कळवलं तर तो धावतच बघायला आला. "मी तर त्याला खाऊ घालून घालून आजारी पाडलं की," म्हणाला आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

कंडक्टर बाई ठरल्या दिवशी आल्या. नवा जोड पायात घालून त्यांनी कारखान्यात चार फेऱ्या मारल्या, मग एका पायावर जोर देऊन पाहिला, मग दुसऱ्यावर. "आता बसनं कितीही ब्रेक मारू दे," म्हणाल्या आणि जुने बूट तिथेच टाकून गेल्या.

गोष्ट खरं तर इथे संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या महिन्यात भाची रजा घेऊन घरी आली तेव्हा ती जरा दबकतच मामींजवळ बसली. आज ना उद्या ते मशीनही जाईल, तेव्हा घाईत धावपळ करण्यापेक्षा आत्ताच सगळी माहिती नव्या प्रोग्राममध्ये हलवावी, असं तिला सांगायचं होतं. मामींना वाईट वाटेल म्हणून ती शब्द जुळवत होती. "मामी, म्हणजे 'पाऊल' चांगलंच आहे, पण..."

"घेऊन जा गं बाई," मामी म्हणाल्या.

भाचीला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "तुला वाईट नाही वाटणार?"

मामींनी विचार केला. वाटेल असं त्यांनाही वाटलं होतं. पण आत चाचपून पाहिलं तर वाईट असं काही हाताला लागेना. "तो वाईट होता म्हणून काढून टाकला असता तर वाटलं असतं. तो धड आहे. आता धडधाकट असताना निवृत्त होऊ दे की." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "खरं सांगू? इतक्या वर्षांत मी कुठे परगावी गेले तरी अर्धं लक्ष इथे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा एक कान फोनकडे. काही अडलं तर सोडवणारी मी एकटीच. तुझ्या आईला कधी बोलले नाही. पण दमतं गं माणूस."

भाचीनं त्यांचा हात धरला. पुढचे काही दिवस दोघी शेजारी शेजारी बसल्या. मामी सांगायच्या कुठल्या रकान्यात काय आहे, भाची लिहून घ्यायची. "ही खूण कसली?" असं तिनं विचारलं की मामी आठवून सांगायच्या, "हे गृहस्थ पाय घट्ट झाला तरी बोलत नाहीत, म्हणून त्यांना दोनदा विचारायचं." भाचीनं त्यासाठीसुद्धा नव्या प्रोग्राममध्ये जागा केली. सूचनेच्या त्या ओळीपाशी आल्यावर तिनं विचारलं, "पोळेल म्हणजे काय?" मामी म्हणाल्या, "आता तूच हात लावून बघ." भाचीनं बघितलं. काही झालं नाही.

नवा प्रोग्राम चालू झाला त्या दिवशी ताईंनी स्वतः पहिलं नाव टाकलं, एका बोटानं, अक्षरं शोधत शोधत. फळीचा नंबर आला. ताई आत जाऊन कलबूत घेऊन आल्या आणि ते मामींच्या पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "जा आता घरी. इथे तुझं काही काम नाही."

यजमान मुलांना सोडून रिकामी बस घेऊन दारात आले होते. ऊन अजून रस्त्यावर होतं. मामी पुढच्या सीटवर बसल्या, पायातल्या चपला काढल्या आणि पाय वर घेतले.

"फोन कुठाय?" यजमानांनी विचारलं. "वाजला तर?"

"बारकीकडे दिलाय. वाजला तर ती बघेल."

यजमान काहीतरी गमतीचं बोलायला वळले, पण मामींचा डोळा लागला होता. त्यांनी बस हळू घेतली.